एकोणचाळीस चिमण्या

मागे न वळता हात वर करायचा, पंजा पूर्ण उघडा ठेवायचा आणि येणाऱ्याला जागच्या जागी थांबवायचं, ही सिस्टरबाईंची रीत होती. फाटकातून मी येवो, सिलिंडरवाला येवो की नळाचं पाणी सोडणारा येवो, पंजा दिसला की हलायचं नाही. पहिल्यांदा तो पंजा माझ्यासाठी वर झाला तेव्हा माझ्या हातात आईने पाठवलेल्या पिठल्याची कढई होती, ओढणीच्या टोकाने धरलेली. बोटं भाजत होती. सिस्टरबाई शेवग्याला टांगलेल्या मातीच्या परळाकडे बघत पाठमोऱ्या बसलेल्या. परळात ज्वारी, परळावर चिमण्या, खाली सांडलेल्या दाण्यांवर आणखी चिमण्या. बऱ्याच वेळाने आवाज आला.

"बत्तीस. एका नजरेत बत्तीस. आता ये. अन् चप्पल घासत येऊ नको, लय आवाज करायलीस."

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, जिला लोक समोरून नमस्कार करतात आणि पाठ वळली की एकमेकांकडे बघून हसतात. आमच्या पालममध्ये, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, ती सिस्टरबाई होती. सगळी नोकरी तालुक्यातल्या खेड्यापाड्यांत नर्स म्हणून काढलेली. निवृत्त झाल्यावर दोन खोल्या आणि पुढे अंगण एवढं घर बांधलं आणि अंगणात येणारी पाखरं मोजायला बसल्या. गल्लीचं मत पडलं, की डोक्यावर परिणाम झाला.

मी हे रागात लिहिते आहे, ते आधीच सांगून टाकते. म्हातारी, अंगण, चिमण्या असं म्हटलं की वाचणाऱ्याला काहीतरी गोड हवं असतं. ते मला जमणार नाही.

परभणीला निसर्गप्रेमींचं एक मंडळ आहे. नाव लिहीत नाही. लिहिलं तर ते चिडतील, आणि न लिहिलं तरी आपल्याबद्दलच आहे हे त्यांना कळेल. थंडीचे तीन महिने, दर रविवारी सकाळी तासभर, ज्यांच्या अंगणात पाखरांना दाणापाणी ठेवलेलं असतं त्यांनी बसून कोणती पाखरं आली, किती आली, हे मोजून मंडळाला कळवायचं, असं हे काम. फुकटचं काम. जिंतूरकडे एक मास्तर करतात, चारठाण्याला देवळाजवळ राहणारं एक जोडपं करतं, पालमला सिस्टरबाई करायच्या. मंडळाचं पत्रक एकदा दवाखान्याच्या भिंतीवर लागलं होतं. ते त्यांनी वाचलं आणि दुसऱ्या रविवारपासून बसल्या. त्याला बरीच वर्षं झाली होती. सरकारी दवाखान्यात असतं तसं लांबट रजिस्टर, त्यात पट्टीने आखलेले रकाने, आणि खाली दर पानावर सही.

मोजण्याची पद्धत त्यांनी मला एकदाच सांगितली. चिमणी येते, जाते, परत येते. आलेली प्रत्येक चिमणी मोजत गेलं तर चार चिमण्यांच्या चाळीस होतात. म्हणून तासाभरात एकाच वेळी, एका नजरेत, जास्तीत जास्त जेवढ्या दिसल्या तेवढ्याच धरायच्या.

"पोलिओच्या टायमाला हेच व्हायचं," त्या म्हणाल्या. "एकच लेकरू. आईनं सांगायचं माझं, आज्जीनं सांगायचं माझं, चुलतीनं बी हात वर करायचा. तिघींच्या घरी धरलं की गाव फुगलं. मग वरचा सायब म्हणायचा, शाब्बास सिस्टर. मला न्हाई लागत तसली शाबासकी. लेकरू हाय तेवढंच लिवायचं."

आणखी एक नियम होता, तो मंडळाचा नव्हे, त्यांचा स्वतःचा. दाण्याला तोंड लावलं तेच पाखरू धरायचं. भिंतीवर बसून नुसतं बघणारं धरायचं नाही. "बारशाला आली पण जेवली न्हाई, तिला कशाला पंगतीत मोजायची?"

त्यांचे वडील मेंढरंवाले. वाड्याच्या तोंडाशी उभं राहून, आत शिरणाऱ्या मेंढरांच्या नुसत्या पाठी बघून मोजायचे, आणि एकही चुकायचं नाही. ते डोळे लेकीला आले होते. उडणारा थवा परळावर उतरताना मला नुसती फडफड दिसायची. त्या तेवढ्यात आकडा सांगून मोकळ्या.

मी त्यांच्याकडे जायला लागले ती आईमुळे. मी परभणीला मामाकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले. पुढे पदवी घेतली, घरी आले आणि परीक्षांचे अर्ज भरत खोलीत बसून राहिले. बोलणं मला जमत नाही. चार माणसं असली की शब्द घशाशी येतो आणि तिथेच बसतो. त्याच सुमारास मंडळाने कागद बंद केला आणि मोबाइलवर भरायचा फॉर्म आणला. सिस्टरबाईंना ऑपरेशननंतर लांबचं लख्ख दिसायचं, पण जवळचं सगळं धुरकट. मोबाइल म्हणजे त्यांना उजेडाची एक पाटी. आई त्यांना म्हणाली, "आमची बसलीच हाय घरी. तिला घ्या."

"ही? ही तर मुकी हाय."

"मुकी हाय पण लिवती चांगलं."

तेव्हापासून त्या मला 'मुके' म्हणायच्या. मला राग यायला हवा होता. आला नाही. बाकीचे 'बोलत का नाहीस गं' म्हणून माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. सिस्टरबाईंना माझं न बोलणं कामाचं वाटायचं. पाखरं बुजत नाहीत म्हणून.

फॉर्म भरायला खातं लागतं, खात्याला ईमेल लागतो. त्यांना ईमेल नव्हता. माझ्या नावाने खातं उघडलं. निरीक्षकाच्या रकान्यात माझं नाव पडलं. "पडू दे," त्या म्हणाल्या. "माझं नाव चिमणीला थोडंच वाचायचंय?"

मोजायचं मात्र एकटीने. दोघींनी मोजलं की दोन आकडे होतात आणि मग भांडण होतं, हे त्यांचं ठाम मत. त्या बघणार आणि बोलणार, मी खाली मान घालून टाइप करणार. पाखरांची ओळख मात्र त्या करून द्यायच्या. कबुतरासारखे दिसणारे दोन होले, तपकिरी आणि ठिपकेवाला, यांतला फरक त्यांनी मला मानेवरून शिकवला. "ह्याच्या मानेवर तीळ सांडल्यात, बघ." डोक्यावर काळी शेंडी चापून बसवलेली भांगपाडी मैना पहिल्यांदा पाण्यावर आली, तेव्हा मी फॉर्ममधलं तिचं इंग्रजी नाव वाचून दाखवलं, ब्राह्मिनी स्टार्लिंग.

"काय म्हणलीस? बामणी?" त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "अन् धनगराच्या घरचं पाणी प्यायली? सांगू नको कुणाला."

समोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याचा मालक रोज शटर उघडताना एक वाक्य टाकायचा. "सिस्टरबाई, झाली का हजेरी? कुणी गैरहजर हाय का आज?"

"तू होतास की गैरहजर," त्या मान न वळवता म्हणायच्या. "लसीच्या दिवशी ज्वारीच्या कणगीत लपल्तास. पाय धरून काढला तुला मी. इसरलास व्हय?"

गिऱ्हाईक हसायचं आणि तो आत जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता माझी चूक सांगते. ती मोठी आहे आणि इतकी साधी आहे, की लिहायला लाज वाटते.

मामाच्या घरात आकडे इंग्रजीत बोलले जायचे. भाव, फोन नंबर, मार्क, सगळं. मराठी आकडे मी ऐकून ऐकून, अंदाजाने शिकले. अठ्ठावीस म्हणजे आठ आणि वीस, ट्वेंटी एट. बत्तीस म्हणजे दोन आणि तीस. तसंच एकोणतीस. 'एकोण' म्हणजे नऊ असणार, पुढे तीस, म्हणून थर्टी नाइन. एकोणचाळीस म्हणजे फोर्टी नाइन. एकोणीस तेवढं पाठ होतं, ते बरोबर यायचं. बाकी प्रत्येक 'एकोण' मी दहाने फुगवला. सिस्टरबाई तोंडाने सांगत गेल्या आणि मी मान खाली घालून लिहीत गेले, एक अख्खी थंडी. विचारायला हवं होतं. पण मराठी मुलीने मराठी आकडा विचारायचा म्हणजे किती लाजिरवाणं, असं वाटायचं. लाजरी माणसं निरुपद्रवी असतात, असा एक समज आहे. तो खरा नाही.

हंगाम संपला की परभणीला एका कॉलेजच्या सभागृहात मंडळाची वार्षिक सभा असते. आम्ही दोघी सकाळच्या एसटीने गेलो. त्यांनी इस्त्रीची फिकट निळी साडी नेसली होती आणि कापडी पिशवीत मागच्या वर्षांची सगळी रजिस्टरं घेतली होती. "आसू द्यावीत," म्हणाल्या. पिशवी मला धरू दिली नाही.

मंडळाचे प्रमुख एक सर आहेत. संख्याशास्त्र शिकवतात. बोलायला गोड. माईक हातात आला की आणखी गोड. पडद्यावर एकेका गावाचा आलेख येत होता आणि सर समजावून सांगत होते. मग ते थांबले आणि हसले.

"आता जरा गंमत बघा. पालम. चिमण्या. ट्वेंटी एट. पुढच्या रविवारी एकदम थर्टी नाइन. त्याच्या पुढच्या रविवारी परत थर्टी. मग थर्टी एट, मग फोर्टी नाइन, मग फोर्टी. ह्या चिमण्या काय लिफ्टनं वरखाली करायल्यात का?"

सभागृह हसलं. खुर्च्या हलेपर्यंत हसलं.

"मित्रांनो, अशा नोंदी घरात चहा पीत भरल्या जातात. मी कुणाला दोष देत नाही. आपण पालमच्या नोंदी यंदा वगळल्या आहेत." पडद्यावर पालमपुढे लाल अक्षरं होती. अविश्वसनीय.

सिस्टरबाई उभ्या राहिल्या. "ते अंगण माझं हाय. मी मोजलंय ते."

"मावशी, बसा बसा. रागवू नका. वयानं होतं असं."

"वयानं गुडघे दुखतेत, मोजणं न्हाई चुकत. ते तुमचं थर्टी-बिर्टी मला कळत न्हाई. माझा आकडा एकोणचाळीस होता."

"तेच म्हणतोय ना मी, मावशी. फोर्टी नाइन."

"एकोणचाळीस," त्या परत म्हणाल्या. "चाळीसावी भिंतीवर बसल्ती. तिनं दाण्याला तोंड लावलं न्हाई, म्हणून तिला सोडली. म्हणून एकोणचाळीस."

मला तो रविवार आठवत होता. चाळीसावी भिंतीवर. म्हणजे हा आकडा चाळीसच्या आत होता. चाळीसला एक कमी. माझं सगळं गणित त्या एका वाक्यात पालथं झालं.

सर घड्याळाकडे बघत होते. "मावशी, वेळ कमी आहे. चहानंतर बोलू." सिस्टरबाईंनी पिशवीतलं वरचं रजिस्टर काढून हातात धरलं होतं. ते तसंच हातात राहिलं. पुढचं गाव आलं. चहानंतर सर दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेले होते.

मला सरांचा राग आला तो वेगळाच. पण त्या दिवशी सभागृहात जिल्ह्यातली मास्तर मंडळी बसली होती, वकील होते, शेती खात्यातली माणसं होती. शाळेत पाढे घोकलेली माणसं. एकोणचाळीस म्हणजे फोर्टी नाइन नव्हे, हे त्यांतल्या निम्म्यांना तरी त्याच क्षणी कळलं असणार. त्यांनी सरांना एका शब्दाने टोकलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. कुणी टोकलं नाही. माईक हातात असलेले सर मोठे होते, आणि म्हातारी कोण होती? आणि त्यांना बोल लावणारी मी कोण? मी तर तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. माझी चूक मला कळली होती. शब्द घशाशी आला होता. तिथेच बसला.

परत येताना गंगाखेडवरून जाणारी एसटी मिळाली. सिस्टरबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाहून परतणाऱ्या बायका चढल्या, एक जण आमच्याच सीटवर टेकली, तेव्हा कुठे त्या सरकल्या आणि बोलल्या.

"मुके. एकोणचाळीस म्हंजी किती?"

"थर्टी नाइन," मी म्हणाले. मग म्हणाले, "मी फोर्टी नाइन लिहिलं."

"अन् एकोणतीस?"

"तेही तसंच."

दर्शनाहून आलेल्या बाईने माझ्याकडे वळून बघितलं. "आगं बया. एवढी शिकलेली दिसायलीस की."

"तुमी गप बसा, मावशी, आमचं चालू द्या," सिस्टरबाई तिला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्या बोलायला लागल्या की कसं सोलून काढतात, ते मी मोबाइलवाल्याच्या बाबतीत पाहिलं होतं.

"एकोण म्हंजी एक ऊन. ऊन म्हंजी कमी. चाळीसाला एक कमी. येवढी शाळा केलीस, कुणी सांगितलं न्हाई व्हय तुला?"

मी मान हलवली.

"म्हण. एकोणतीस."

गंगाखेड येईपर्यंत त्यांनी माझ्याकडून एकोणीस ते एकोणनव्वद म्हणून घेतलं. उलटसुलट. शेजारची बाईही म्हणायला लागली. एकोणसाठला मी अडखळले तर तिने मला कोपराने ढोसलं.

पुढे पालम जवळ आल्यावर मी विचारलं, "तुम्हाला सभेतच कळलं होतं का?"

"तुझं तोंड बघितल्तं मी. माती झाल्तं."

"मग सांगितलं का नाही, की हिनं लिहिलंय?"

"कशाला? मला हसायलेच होते. परत तुला बी हसू द्यायचं? तू तर आठ दिवस घराबाहेर निघाली नसतीस." पिशवी त्यांनी मांडीवर नीट केली. "पण कागद दुरुस्त कर. तोंडानं बोललेलं जाऊ दे, हवेत गेलं. कागदात मी खोटी राहायले. आजवर एक लेकरू म्या जास्तीचं लिवलं न्हाई."

मी त्याच रात्री मंडळाला सविस्तर ईमेल केला. चूक कोणाची, कशी झाली, कोणते आकडे बदलायचे, सगळं. उत्तर आलं नाही. दुसरा केला. तिसऱ्याला एका ओळीचं उत्तर आलं. नोंद घेतली, धन्यवाद. मंडळाच्या संकेतस्थळावर लाल अक्षरं तशीच. मी फोन केला. तोही कसा केला ते माझं मला ठाऊक, कागदावर आधी वाक्यं लिहून. सर म्हणाले, "अगं, किती लहान गोष्ट आहे. दोन-चार चिमण्यांनी काय फरक पडतो? पुढच्या वर्षी नीट भरा."

दोन-चार चिमण्या. ज्यांना दोन-चार चिमण्यांनी फरक पडत नाही, त्यांनी मोजायला माणसं का बसवली?

सिस्टरबाई अधूनमधून विचारायच्या. "झाला का कागद?" मी म्हणायचे, करायलेत. त्यांनी स्वतः कुणाला फोन केला नाही, कुणाच्या नावाने बोटं मोडली नाहीत. हंगाम संपला तरी त्यांचं मोजणं चालूच होतं, फक्त त्यात एक बदल झाला. आकडा सांगितला की त्या माझ्याकडे बघायच्या, आणि मी तो मराठीत परत म्हटल्यावरच पुढच्या पाखराकडे वळायच्या.

दिवाळीनंतर त्यांना धाप लागायला लागली. छातीत पाणी झालं होतं. नांदेडला दिलेल्या त्यांच्या लेकीने तिथल्या दवाखान्यात नेलं. मी आईबरोबर भेटायला गेले, तर जन्मभर दुसऱ्यांना सुया टोचलेली बाई स्वतःच्या हातातल्या सुईकडे नापसंतीने बघत पडली होती. "शीर गवसंना ह्या सिस्टरला," म्हणाल्या. "तीनदा टोचलं. मी असते तर..." पुढे बोलवेना. लेक म्हणाली, बोलू नको आई. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"कागद झाला का?"

"झाला," मी म्हणाले.

"काय लिवलं?"

"एकोणचाळीस."

"अन् त्याच्या आधीचं?"

"एकोणतीस."

"बरं," म्हणाल्या आणि डोळे मिटले. मी खोटं बोलले होते. आकडे मात्र बरोबर म्हटले होते. त्यानंतर चौथ्या दिवशी त्या गेल्या.

यंदाच्या सभेला मी एकटी गेले. का जाते आहेस, असं आईने विचारलं, तर सांगता आलं नाही. त्यांना सांगितलेलं खोटं माझ्याजवळ तसंच पडून होतं, एवढंच. सभेआधी चहा होता. सरांनी मला ओळखलं. "अरे, पालम! तुमच्या त्या फोर्टी नाइनवाल्या मावशी नाही आल्या?"

"वारल्या," मी म्हणाले.

"अरेरे." त्यांनी कप खाली ठेवला. "वय होतंच म्हणा."

मी माझा कप तसाच टेबलावर ठेवला आणि सभागृहात जाऊन बसले.

सभेच्या शेवटी सरांनी माईक घेतला. आपल्या परिवारातल्या पालमच्या एक ज्येष्ठ पक्षिमित्र मावशी आपल्यातून गेल्या, असं म्हणाले. नाव त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हे कळू नये इतपत ते बोलण्यात तरबेज होते. दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू या. सगळे उभे राहिले. मीही राहिले. दोन मिनिटांत कुणीतरी खोकलं, कुणाचा तरी फोन वाजला. मग सर म्हणाले, बसा. सगळे बसले.

उठून उभं राहण्याचं धाडस मला कधीच झालं नसतं. मी उभीच होते. फक्त बसले नाही.

"काही बोलायचंय का?" सरांनी विचारलं.

"गेल्या वर्षी तुम्ही माईकवरून म्हणालात, की त्यांच्या नोंदी घरात बसून भरलेल्या आहेत." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, बारीक आणि कापरा. "त्यांनी मोजलं ते बरोबर होतं. लिहिणारी मी होते. मला एकोणचाळीस कळत नव्हतं. मी तीन ईमेल केले, फोन केला. लाल अक्षरं अजून तशीच आहेत."

"हे आपण नंतर निवांत बोलू."

"गेल्या वर्षी चहानंतर बोलू म्हणालात, सर."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. यावेळी ते आम्हाला हसलं नव्हतं. सरांनी हसरा चेहरा केला. "बरं, ओके. करेक्शन करू. पालम, थर्टी नाइन. समाधान?"

"मराठीत सांगा. त्या मराठीत म्हणाल्या होत्या."

सर थांबले. माईकमधून त्यांचा श्वास ऐकू आला. "एकोण..." म्हणाले. पहिल्या रांगेकडे बघितलं. "एकोणपन्नास."

आता मात्र सगळं सभागृह हसलं. मला हसू आलं नाही. हसण्यासारखं काही नव्हतंच. हे हसू वर्षभर उशिरा, आणि भलत्याच माणसाच्या वाट्याला आलं होतं.

"चाळीसला एक कमी, सर," मी म्हणाले.

"एकोणचाळीस," सर म्हणाले.

लॅपटॉपवर बसलेल्या मुलीने सरांकडे बघितलं, सरांनी मान हलवली. पडद्यावर गेल्या वर्षीचा तक्ता आला. तिने माझ्याकडे बघून एकेक आकडा विचारला. मी सांगत गेले, ती बदलत गेली. लाल अक्षरं पुसली. आलेखाचे सुळके खाली आले आणि एक साधी चढती रेघ राहिली, थंडी वाढेल तशा वाढत गेलेल्या चिमण्यांची.

"झालं," ती म्हणाली.

मी अजून उभीच होते. निरीक्षकाच्या रकान्यात माझं नाव दिसत होतं.

"आता नाव," मी म्हणाले.

तिने ते पुसलं आणि थांबली. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. मी सिस्टरबाईंचं नाव सांगितलं, आधी त्यांचं, मग त्यांच्या वडिलांचं, ज्यांच्याकडून ते डोळे आले त्यांचं, मग आडनाव. ती टाइप करीपर्यंत थांबले, एक वेलांटी चुकली होती ती दुरुस्त करायला लावली, आणि मगच खाली बसले.

ते नाव मी इथे लिहिलेलं नाही. जिथे लिहायला हवं होतं, तिथे ते लिहिलेलं आहे.